अण्णांचा लॉगिन

"लॉगिन व्हईना झालंय," असं फोनवर सांगितलं की अण्णा फोन ठेवून द्यायचे. रागानं नव्हे हां, अगदी शांतपणे. समोरचा माणूस घाबरून परत फोन लावायचा, आणि अण्णा पहिल्यांदाच बोलत असल्यासारखे म्हणायचे, "हं, बोला." तिसऱ्या-चौथ्या फोनला त्याच्या डोक्यात उजेड पडायचा, की ह्या माणसाला आपलं मत नकोय, पडद्यावर काय लिहून आलंय ते हवंय.

"व्हईना हे तुमचं म्हणणं झालं, सर. मशीन काय म्हणायलीय?"

"काहीतरी इंग्लिशमध्ये आलंय हो."

"मग वाचा की. कॉलेजात इंग्लिश तुमीच शिकवताव न्हवं?"

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. इंग्लिशच्या त्या प्राध्यापकांनी पुढं सहा महिने अण्णांना नमस्कार करणं सोडलं होतं. अण्णांना त्याचा पत्ताही नव्हता, कारण नमस्काराकडे त्यांचं तसंही लक्ष नसायचं.

नौबादच्या पुढं, बीदर संपता संपता आमचं कॉलेज. मी निर्ण्याहून रोज बसनं यायचे आणि कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये सहायक म्हणून राबायचे. अण्णा म्हणजे आमचा सगळा सर्व्हर विभाग. विभागात माणसं दोन, ते आणि मी. चिटगुप्प्याच्या व्यापारी घरातला माणूस, भाऊबंद सगळे अडत दुकानात, आणि ह्यांना कुठनं हे वेड लागलं देव जाणे. वयानं माझ्या अप्पांएवढे, पण पहिल्या दिवसापासून मला 'अक्का' म्हणायला लागले. मी म्हटलं, "अण्णा, मी तुमच्या लेकीच्या वयाची आहे." तर म्हणाले, "लेकीला काम सांगितलं की ती मोबाइल बघत बसती. अक्काला सांगितलं की व्हतंय." झालं, त्या दिवसापासून मी अक्का.

सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची रसायनशास्त्राची अडगळ. अजून कधीकधी तिथं कसलासा उग्र वास यायचा. चप्पल बाहेर काढायची, हात पुसायचे, मगच आत. सकाळचा नाश्ता म्हणून अण्णा घरनं डब्यात चुरमुऱ्यांचा सुशीला आणायचे, पण तो दाराबाहेर उभ्यानं खायचे. एकदा चुरमुऱ्याचा एक दाणा कीबोर्डात गेला होता म्हणे. तो त्यांनी काढला नाही, त्या बटनावर चिठ्ठी चिकटवली, 'आत चुरमुरा हाय'. ती चिठ्ठी मी नोकरी सोडली तेव्हाही तिथंच होती.

सर्व्हरशी ते तीन भाषांत बोलायचे. काम मराठीत. लाडीगोडी दखनीत, "उठो मियाँ, कायकू नाराज हुए?" आणि शिव्या मात्र कन्नडमध्ये, "एनप्पा निंदु गलाटे!" म्हणजे काय रे ही तुझी कटकट! मी विचारलं, अण्णा, चिडायला कन्नडच का? म्हणाले, "माझी शाळा कन्नडची. मार सगळा त्याच भाषेत खाल्लो. आता वापरायचा कुठं?"

त्यांच्या मते लांबून लॉगिन करायचं म्हणजे परगावी पाहुणा म्हणून जायचं. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते हेच ऐकवायचे. "पैलं बग, गाव सापडायलंय का. मग घर. मग दार वाजवल्यावर आतून कुणी बोलायलंय का. मग तुला वळकायलेत का. आन वळकून आत घेतल्यावर परत बाहेर काढायलेत का." ह्या क्रमातली एक पायरी कुणी गाळली, की अण्णा त्याला परत गावाच्या वेशीवर नेऊन उभं करायचे. 'टाइम आउट' आलं म्हणजे वाटच बंद, नाहीतर वाटेत कुणी अडवलंय. 'रिफ्यूज्ड' आलं की अण्णा चक्क खूश. "घर सापडलं की हो! दारात कुणी न्हाई एवढंच." कलबुर्गीत आमच्याच संस्थेचं दुसरं कॉलेज होतं, तिथली पोरं आमच्या सर्व्हरवर लॉगिन करून काम करायची. तिथला शिपाईसुद्धा अण्णांना फोन करून सांगायचा, "अण्णा, आज गावच सापडंना." आणि आमचे दोन-दोन पदव्यांवाले मात्र पासवर्डच बदलत बसायचे.

दुसरा नियम म्हणजे दाराला हात लावायच्या आधी एक माणूस आत बसवायचा. म्हणजे लॉगिनच्या सेटिंगमध्ये काही बदल करायचा असेल तर आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक लॉगिन उघडून ठेवायचा. बदल चुकला, सगळ्यांना दार बंद झालं, तरी तो आतला माणूस दुरुस्त करू शकतो. ठीक आहे. पण अण्णांना नुसता उघडा लॉगिन चालत नसे, त्याच्यासमोर खरंच माणूस लागायचा. तो माणूस मी. "अक्का, तू आत हाईस. हलू नको, शिंकू नको." पाण्याचा घोट घ्यायची चोरी. एकदा असं बसवून ठेवलं आणि माझी निर्ण्याची पाचची बस गेली. मी रडकुंडीला आले तर म्हणतात कसे, "बस उद्या बी येती. तू उठली असतीस तर सर्व्हर आला नसता." वर स्वतःच स्कूटरवरून नेऊन जीपमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला दम दिला, की हिला घराच्या दारात सोड.

हा नियम ते कशानं शिकले तेही त्यांनीच सांगितलं. उमेदीच्या काळात कलबुर्गीच्या तेव्हाच्या सर्व्हरवर इथनंच काहीतरी बदल करायला गेले आणि एका ओळीनं स्वतःलाच बाहेर काढून बसले. मग काय, उठले, बस पकडली, कलबुर्गी गाठली, एक ओळ टाइप केली आणि परत आले. गंमत पुढंच आहे. बस अर्धी रिकामी होती, पण अण्णा जाताना सगळी वाट उभे राहिले. कंडक्टर बिचारा हुमनाबादपासून विनवतोय, "कूड्री अण्णा, कूड्री," बसा हो, बसा. हे दांडी धरून ताठ. मी विचारलं, "कामून हो?" तर म्हणाले, "सजा होती ती. येताना बसलो की मग."

आणि 'आपोआप' हा शब्द त्या खोलीत बंद होता. आपोआप बंद पडलं, आपोआप सुरू झालं, असं कुणी म्हटलं की अण्णा स्वतःच्या केसांकडे बोट दाखवायचे. "आपोआप फक्त हे पिकलेत. बाकी सगळं कुणीतरी केलंय." म्हणून एक लांबलचक वही असायची. सर्व्हरला हात लावला की तिच्यात लिहायचं, काय केलं, कुणी केलं. अण्णांनी पंखा पुसला तरी लिहायचे.

आता माझ्या पापाचं सांगते. इतकी वर्षं झाली, तरी लिहिताना कानशिलं तापायलीत.

कलबुर्गीच्या साठ पोरांची प्रात्यक्षिक परीक्षा आमच्या सर्व्हरवर व्हायची होती. त्या दिवशी हजर राहायला म्हणून अण्णा पहाटेच्या बसनं तिकडं गेले. इथं मी एकटी. आदल्या दिवशी सकाळी अण्णांनी सर्व्हरवर काही बदल करून वहीत नाव घातलेलं. त्याच दुपारी ते जेवायला गेले असताना इथली पोरं माझ्यामागं लागली, "मॅडम, परीक्षेच्या फोल्डरमध्ये आमची फाइल सेव्ह होईना." मी म्हटलं, एवढंच ना? आणि ते अख्खं फोल्डर सगळ्यांना सताड उघडं करून टाकलं. कुणीही या, कुणीही लिहा. आमच्या निर्ण्यात दिवसा दार लावलेलं दिसलं तर शेजारीण विचारायला येते, घरात कोण आजारी हाय का म्हणून. माझ्या मते उघडं ठेवण्यात वाईट काय? वहीत लिहायचंसुद्धा सुचलं नाही.

सकाळी साडेनऊला कलबुर्गीहून अण्णांचा फोन. "अक्का, साठच्या साठ पोरं बाहेर हाईत. गाव सापडायलंय, घर सापडायलंय, दारात माणूस हाय, पर वळकंना झालाय. तू सर्व्हरवरची लॉगिनची नोंद उघड. शेवटच्या वळी वाच."

उघडली. इंग्लिशमध्ये स्वच्छ लिहिलेलं, की हे फोल्डर नको तेवढं उघडं आहे, म्हणून लॉगिन नाकारला. त्याचं असं, की कलबुर्गीच्या कॉम्प्युटरांची ओळखीची खूण त्याच फोल्डरच्या आत ठेवलेली होती. जिथं कुणालाही हात घालता येतो, तिथल्या खुणेवर सर्व्हर विश्वासच ठेवत नाही. मी सगळ्यांना दार उघडं केलं, म्हणून तो कुणालाच आत घेईना! एकाखाली एक साठ वेळा तेच लिहिलेलं.

आता तुम्ही म्हणाल, वाचायचं होतं सरळ. अहो, पण माझी नेमणूक एका वर्षाची. पुढच्या वर्षाची ऑर्डर त्याच महिन्यात निघायची होती. अप्पांनी घरात सांगून ठेवलेलं, ऑर्डर आली तर नोकरी कर, न्हाईतर उदगीरच्या त्या स्थळाला होकार कळवतो. त्या स्थळाला मी एकदा पाहिलं होतं. पुन्हा पाहायची इच्छा नव्हती.

"वाच की अक्का. पोरं बसून हाईत."

मी एका हातानं फोन धरला आणि दुसऱ्या हातानं फोल्डर पूर्वीसारखं बंद केलं. मग मी म्हणाले, "अण्णा, इथं काही लिहिलेलंच न्हाई. आता एकदा बघा बरं."

पलीकडून पोरांचा गलका ऐकू आला. लागलं! सगळ्यांचं लागलं!

"काय केलीस?"

"काय न्हाई अण्णा," मी म्हणाले. "आपोआप."

अण्णांनी फोन ठेवून दिला. आणि मी त्याहूनही मोठं पाप केलं. त्या दहा मिनिटांच्या सगळ्या ओळी नोंदीतून पुसून टाकल्या. ज्या माणसानं मला वाचायला शिकवलं, त्याच्या पुढ्यातलं लिहिलेलंच मी पुसलं.

परीक्षा छान झाली. प्राचार्यांनी अण्णांचं अभिनंदन केलं. मला वाटलं, सुटले. छे! दुसऱ्या दिवशी अण्णा आले ते चपला काढून थेट नोंद वाचायला बसले. बघतात तर त्या सकाळची दहा मिनिटं कोरी. माझ्याकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. वही उघडली. शेवटचं नाव कुणाचं? त्यांचंच. आपणच आदल्या दिवशी केलेल्या बदलात काहीतरी घाण केली, इतकी की सर्व्हर लिहायचंसुद्धा विसरला, असं त्यांनी धरलं. अक्का खोटं बोलली असेल हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही.

आठ दिवस तो माणूस स्वतःच्या चुका शोधत होता. केलेला प्रत्येक बदल मागं घ्यायचे, परत करायचे, बघायचे. सगळं नीट. मग अजून घाबरायचे. डोळे तपासून आले, चष्मा बदलला. डबा बाहेर ठेवून द्यायचे आणि संध्याकाळी तसाच घरी न्यायचे. सगळ्यात भयंकर म्हणजे सर्व्हरशी बोलणं बंद झालं. शिवी नाही, लाडीगोडी नाही. त्या खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मी विचारलं, "अण्णा, जाऊ द्या की. चालायलंय न्हवं आता?" तर माझ्याकडे असं बघितलं, की मला जमीन दुभंगून पोटात घेती तर बरं वाटलं असतं.

प्राचार्यांना कधीपासून ती खोली रिकामी करायची होती. हैदराबादची एक कंपनी सगळं सांभाळते म्हणत होती. ते त्या शुक्रवारी डोकावले आणि म्हणाले, "काय अण्णा, कारण सापडलं का?"

अण्णा उभे राहिले. "न्हाई, सायेब. मला दिसंना झालंय आता. सोमवारी खोलीच्या चाव्या देतो तुमाला. कंपनीला बोलवा."

ती रात्र मी कशी काढली माझं मला माहीत. शनिवारी सकाळी पहिल्या बसनं आले. अण्णा वही घेऊन बसलेले. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. फोल्डर, फोन, पुसलेल्या ओळी, ऑर्डर, उदगीरचं स्थळ, सगळं. एका दमात. सांगता सांगता नाक गळायला लागलं.

अण्णांनी चष्मा काढला.

"म्हंजे मी न्हवतो?"

"न्हाई अण्णा."

"मशीन बी न्हवती?"

"न्हाई हो."

"लिहिलं हुतं तिनं?"

"साठ डाव लिहिलं हुतं."

काय सांगू! तो माणूस खुर्चीतून उठला आणि लहान पोरासारखा हसायला लागला. "लिहिलं हुतं! साठ डाव लिहिलं हुतं बिचारीनं!" सर्व्हरच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, "शाब्बास मियाँ, शाब्बास!" बाहेर ठेवलेला डबा आणून चक्क खोलीत, सर्व्हरसमोर बसून खाल्ला. मी तशीच दारात. शेवटचा घास झाल्यावर त्यांना माझी आठवण झाली. चेहरा उतरला.

"आठ दिस मी सोताला चोर समजलो, अक्का," एवढंच म्हणाले. त्याच्यापुढं शिवी परवडली असती. कन्नडमध्येसुद्धा.

मग तडक प्राचार्यांकडे. मी मागोमाग. अण्णा म्हणाले, "कारण सापडलं, सायेब. फोल्डर उघडं ऱ्हायलं हुतं. चाव्या देत न्हाई मी."

"कुणी ठेवलं?"

"कारण सापडल्यावर माणूस कशाला पायजे?"

"मी ठेवलं सर," मी म्हणाले. "आणि नोंद पुसली तीही मीच."

प्राचार्यांनी टेबलावरचा एक कागद पुढं ओढला. माझीच ऑर्डर होती ती, सही राहिलेली. त्यांनी ती माझ्यासमोर हलवली. "बघा अण्णा. अशा मुलीला ठेवायचं म्हणता?"

"तुमची मर्जी," अण्णा म्हणाले. "पर हिची ही चूक करून झालीय. नवी आणलाव तर तिला पैल्यापासून करावी लागंल. तेवढं परत कलबुर्गीच्या पोरांना बाहेर बसवायचं असंल तर बघा."

प्राचार्य आधी रागावले, मग हसले, मग सही केली. मी त्या कागदावर रडले आणि शिक्का थोडा पसरला. उदगीरचं स्थळ बारगळलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी अण्णांच्या पाया पडायला वाकले, तर ते दोन पावलं मागं सरकले. "चुकलीस ते मी धरत न्हाई. चुकायसाठीच माणसं ठेवतेत. पर मी वाच म्हणलो आन तू न्हाई म्हणलीस. ते मी माफ केलो न्हाई, सांगून ठेवतो." आणि चपला घालून गेले.

खरंच नाही केलं. तसं सगळं पूर्वीसारखं चालू झालं. शिव्या सुरू झाल्या, माझी बस चुकणं सुरू झालं, चिठ्ठीचा कीबोर्डसुद्धा तोच. पण त्या दिवसापासून मी काही वाचून दाखवलं की अण्णा स्वतः येऊन एकदा पडद्यावर नजर टाकायचे. मुद्दाम दाखवून नाही, सहज आल्यासारखे. दोन वर्षं. मला ते दर वेळी लागायचं, आणि तक्रार करायला तोंड नव्हतं.

मग अण्णा निवृत्त झाले. हार-नारळ, फोटो, भाषणं. इंग्लिशच्या त्याच प्राध्यापकांनी भाषण केलं. सगळं आटोपल्यावर अण्णा सर्व्हरच्या खोलीत आले, चाव्या माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "आता माझा लॉगिन काढून टाक."

"असू द्या की अण्णा. अडलं तर तुमी चिटगुप्प्याहून बघाल."

"न्हाई. माणूस गेला की त्याचा लॉगिन गेला. आजच काढ."

"काढते."

"बघू?" म्हणून ते थांबतील असं मला वाटलं होतं. पण ते थांबले नाहीत. पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. हार हातात घेऊन निघून गेले.

मी एकटीच बसले. त्यांचं नाव समोर होतं. काढायला एक ओळ पुरे होती, आणि ती माझ्यानं लिहवेना. ठेवलं तर कुणाला कळणार होतं? उद्या काही बिघडलं, गाव सापडलं नाही, तर ह्या जगात मी कुणाला विचारायचं? खूप वेळ बसले. मग काढलं, वहीत लिहिलं, नाव घातलं आणि बस पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला चिटगुप्प्याहून फोन.

"अक्का, घरनं तीन डाव बघितलो. मला आत घेईना झालाय."

"न्हाई घेणार, अण्णा. कालच काढले मी."

पलीकडं गाडीवरचा भाजीवाला ओरडत होता.

"म्हणलीस तसंच केलीस की गं," ते म्हणाले. "मग त्या दिवशीचं बी माफ केलो, जा."